कॉलेजचं नाव झाकून

धाराशिवजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी अकरा वर्षं दूध तपासते आहे. ही नोकरी मला कशी मिळाली, ते नोकरीला तीन वर्षं झाल्यावर कळलं.

आमचे मालक दहावीपर्यंत शिकलेले. बेंबळीत चार म्हशींवर त्यांनी धंदा सुरू केला. शिकलेल्या माणसांबद्दल त्यांचं एकच पक्कं मत होतं, माणूस पुण्याचा असावा. पाहुणे आले की ते मला लॅबमधून बाहेर बोलवायचे. "ह्या आमच्या मॅडम. पुण्याच्या कॉलेजच्या हायेत." मला वाटायचं, कौतुकाच्या भरात बोलतात. म्हशींचं वयही ते कमीच सांगायचे.

मी लोहारा तालुक्यातली. बीएस्सी तालुक्याच्याच कॉलेजात केलं. त्या कॉलेजला एका थोर माणसाचं नाव आहे आणि तेच नाव पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजलाही आहे. अर्जात मी फक्त कॉलेजचं नाव लिहिलं होतं. कॉलेज कुठल्या गावचं, ते लिहायला रकाना नव्हता.

एकदा पुण्याचे एक पाहुणे आले. ते त्या मोठ्या कॉलेजचे निघाले. आनंदानं विचारू लागले, "हॉस्टेलला होता का तुम्ही?"

"नाही, घरून यायचे. साडेआठची एसटी होती."

"घर कुठं?"

मी गाव सांगितलं. पाहुण्यांनी मालकांकडं बघितलं. मालकांनी कपात बघितलं.

पाहुणे गेल्यावर मालक लॅबमध्ये आले. "म्हंजे तुमी पुण्याच्या न्हाय?"

"नाही."

"कधीच नव्हता?"

"एकदा लग्नाला गेले होते."

त्यांनी तपासणीची वही उघडून बघितली. "मग तीन वर्सं दूध बरोबर कसं निघालं?"

"तपासलं म्हणून."

"असू द्या," ते म्हणाले. "पर कुणाला सांगू नका."

त्या संध्याकाळी मी घरी नीट जेवले नाही. मालकांचा राग नव्हता. अर्जात गावाचा एक रकाना असता तर मला कुणी मुलाखतीलाही बोलावलं नसतं, हे डोक्यातून जाईना.

गेल्या वर्षी दुपारच्या पाळीला माणूस हवा होता. निवड माझ्याकडं आली. मी अट घातली की आधी दूध तपासायला द्यायचं, कागद नंतर बघायचे. अर्जावरच्या कॉलेजच्या नावावर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या.

मालक म्हणाले, "झाकायचं कशाला? चांगलीच गोष्ट हाय की ती."

"नंतर बघा. पळून जात नाही."

चार बाटल्या ठेवल्या. एक शुद्ध दुधाची, एकीत पाणी, एकीत साखर, एकीत सोडा. आंबायला लागलेलं दूध लपवायला लोक सोडा घालतात. सहा जण आले. त्यातल्या एका मुलीनं प्रत्येक बाटली दोनदा तपासली आणि जाताना सगळी भांडी धुऊन ठेवली. तिची तीन उत्तरं बरोबर आली. सोड्याच्या बाटलीपुढं तिनं लिहिलं होतं, 'ठीक वाटतं, पण खात्री नाही.' एका तरुणानं वीस मिनिटांत चारही बाटल्या बरोबर ओळखल्या. भांडी तशीच ठेवून गेला.

पट्ट्या काढल्या. तरुण पुण्याच्या कॉलेजचा होता. मुलगी माझ्या कॉलेजची. मालकांनी चहा मागवला.

मी म्हटलं, "मुलीला घेऊ या. शिकवलं की येईल."

"तिचं बरोबर किती?"

"तीन."

"आन् त्याचं?"

"चार."

"मग ताई, पट्टी कशाला लावली व्हती?"

मुलगी दुसऱ्या कुठल्या कॉलेजची असती तर मी तिच्यासाठी बोलले असते का, असं मी स्वतःला विचारलं. जे उत्तर आलं ते आवडलं नाही. तरुणाला घेतलं. तो काम चांगलं करतो. भांडी धुवायला मी त्याला दोनदा सांगितलं आहे.

मुलीला नकार मीच फोनवर कळवला. ती म्हणाली, "मॅडम, कुठं चुकलं?"

"सोडा राहिला."

"तो कसा बघायचा असतो?"

मलाही कॉलेजात तो कुणी दाखवला नव्हता. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात जुन्या मदतनीस काकांनी दाखवला. त्या तरुणाच्या कॉलेजनं त्याला महिनाभर एका डेअरीत पाठवलं होतं, हे नंतर त्याच्याच बोलण्यातून कळलं. पट्टीखाली मी नाव झाकलं होतं. तो महिना काही झाकला गेला नव्हता.

मी तिला शनिवारी बोलावलं. लोहाऱ्याहून एसटीनं आली. नळीत दूध घेतलं, औषधाचे थेंब टाकले. सोड्याचं दूध गुलाबी झालं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

तिनं ती नळी धुऊन ठेवली. मग म्हणाली, "अजून एक द्या."

चार शनिवार ती आली. पाचव्या शनिवारी तिचा फोन आला. उमरग्याकडच्या एका डेअरीत तिला घेतलं होतं.

"कॉलेज विचारलं का?"

"विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, हे कुठं आलं? मी तेही सांगितलं. मग त्यांनी लॅक्टोमीटर हातात दिला."

"मग?"

"मग तपासलं. सोमवारपासून सकाळची पाळी आहे, मॅडम. पहिला टँकर पाच वाजता येतो."