दुकानाच्या टेंपोतनं आडव्या बाटलीची मतं

मतदान केंद्राम्होरं मी टेंपोतनं बायका उतरवत हुतो, आन शाळंतल्या बाई माज्याकडं बघून गालातल्या गालात हसत हुत्या. मला वाटलं, माजं काम बघून खूश झाल्या.

मी पाटणच्या अलीकडं देशी दारूच्या सरकारमान्य दुकानात काउंटरला. गावातल्या बायकांनी अर्ज दिला, दुकान बंद करा. अशा टायमाला सरकार निस्त्या बायकांचं गुप्त मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हंजी दुकान चालू, आडवी म्हंजी बंद. आडवी जिंकली की मी घरी.

मालक आण्णा म्हणलं, "बाळ्या, बायकांत फिर. उभी बाटली डोक्यात बसव." मतदानादिवशी ते सोता कराडला गेलं.

मी उसात भांगलणाऱ्या बायकांकडं गेलो. त्या म्हणल्या, "आमाला कुठला येळ, भावजी?"

म्हणलं, दुकानाचा टेंपो हाय की!

खेपा चालू असताना बाईंना इचारलं, "ही मताची भानगड काढली कुणी?"

"संविधानातच आहे, सरकारनं दारूबंदीसाठी झटावं. मार्गदर्शक तत्त्व म्हणतात त्याला."

"मग आमाला लायसन कुणी दिलं?"

"सरकारनंच."

"आयला! आन सरकार झटलं न्हाई तर कोरटात जायाचं?"

"हक्कासाठी जाता येतं. तत्त्वासाठी नाही. ते सरकारनं मनावर घ्यायचं."

"म्हंजी माज्यागत. रोज सकाळी म्हणतो, दारू सोडली. बायकू काय कोरटात जात न्हाई."

टेंपोतल्या बायका खिदळल्या. पारू वहिनी म्हणली, "कोरट कशाला, भावजी? शिक्का हाय की आमच्या हातात!"

"उभीवर मारा बरं का!"

"व्हय व्हय," समद्या म्हणल्या. मी आनखी एक खेप आणली.

सांजच्याला आण्णा आलं. गर्दी बघून म्हणलं, "ह्या बायका आणल्या कुणी?"

"मीच की! शिवारात एक न्हाई सोडली."

आण्णा खोक्यावर बसलं. "आरं गाढवा, गावातल्या एकूण बायकांत निम्म्याच्या वर आडवीला लागत्यात. जी घरात बसली ती आपलीच हुती!"

"पर पंचायतीच्या मतदानाला तर बायका आणायलाच लावता."

"ते येगळं रं, गड्या!"

आडवी निम्म्याच्या जराशी वर गेली. दुकानाला कुलूप लागलं. आता मी त्याच बायकांच्या टोळीत भांगलतोय. दिसंल ते तण काढतो, आन त्यातला निम्मा ऊस असतो म्हणत्यात. शिकलो एवढंच, कुणाचं मत आणायला जायच्या आदी, ते घरी ऱ्हायलं तर कुणाला पडतंय, हे इचारून घ्यावं.

बायकूला इचारलं, "तू कशावर मारलास शिक्का?"

म्हणली, "आवं, गुप्त असतंय ते. हक्क हाय माजा."

तिला तर मी म्होरल्या शीटवर बसवून न्हेली हुती.