पेन्सिल चालणार नाही

आमच्या कॉलेजच्या कार्यालयात दोन नंबरच्या खिडकीवर ज्या बाई बसायच्या, त्यांना पोरं 'शाईबाई' म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी पेन्सिलीने भरलेला एकही अर्ज घेतला नव्हता. पेन्सिलीचं लिहिणं उद्या कुणीही बदलेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. शेजारच्या टेबलावर बसून मी अकरा वर्षं त्यांची थट्टा केली आणि माझे चुकलेले कागद त्यांच्याकडूनच निस्तरून घेतले.

गेल्या वर्षी वरून मनाच्या तपासणीचा कागद आला. नऊ प्रश्न. झोप लागते का, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का. प्रत्येकापुढे चार चौकोन, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत. विद्यार्थ्यानं स्वतः भरायचा, स्वतः बेरीज करायची, आकडा मोठा आला तर समुपदेशकाकडे जायचं; कागद त्याच्याजवळच राहायचा. पण आमच्या प्राचार्यांना कागद जमा केल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी वर रोल नंबरची ओळ घातली आणि फतवा काढला: कागद नाही, तर हॉल तिकीट नाही. समुपदेशकाची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

एका दुपारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी खिडकीशी आली. कागद पेन्सिलीने भरलेला.

"पेन्सिल चालणार नाही," बाई म्हणाल्या. सवयीने खोडरबर काढून त्यांनी नऊच्या नऊ खुणा पुसल्या, फुंकर मारली आणि पेन पुढे केलं. "इथंच भर पटकन."

"मॅडम, तुम्ही वाचलंत का?"

"मला काय करायचंय वाचून? आटप गं बाळा, मागे रांग बघ केवढी आहे."

मुलीनं मागे वळून पाहिलं. मग 'कधीच नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नऊ खुणा केल्या आणि निघून गेली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं बघत होतो, ऐकत होतो. मान वर केली नाही.

नवव्या दिवशी ती वसतिगृहाच्या खोलीत बेशुद्ध सापडली. वाचली. वडील तिला घरी न्यायला आले, तेव्हा टिपण घ्यायला प्राचार्यांनी मला बसवलं होतं. त्यांनी तो कागद वडिलांपुढे सरकवला. "बघा, तिनं स्वतःच लिहिलंय. आम्हाला कसं कळणार?"

वडिलांनी कागद जवळ ओढून खुणा मोजल्या. "म्हणजे माझी पोर खोटं बोलली?"

फाईल घेऊन आलेल्या शाईबाई अजून दारातच होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी वडिलांचं बोट धरून 'जवळजवळ रोज'च्या रकान्यावरून फिरवलं. पोरीनं पेन्सिल फार दाबून ओढली होती; खुणा गेल्या तरी खळगे राहिले होते.

"खोटं नाही बोलली, दादा. खरं तिनं आधीच लिहिलं होतं. मी पुसलं."

वडील रडले नाहीत. ते बोट तिथून उचलेचनात.

नंतर प्राचार्यांनी मला विचारलं, त्या दुपारी तुम्ही काही पाहिलंत का? माझं लक्ष नव्हतं, असं मी सांगितलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. बाईंनी महिन्याभरात नोकरी सोडली.

यंदा तोच कागद पुन्हा आलाय. तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ वाढली आहे: 'पेन्सिलीने भरलेला कागद स्वीकारला जाणार नाही.' ती मीच टाइप केली. दोन नंबरच्या खिडकीवर आता मी बसतो.