कावळ्यापुढं दिलेला शब्द

आमच्या बेलापुरात अजिनाथ मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून देतो. हात इतका साफ, की त्यानं सकाळी भरलेली मोटार वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. दुपारनंतर भरलेली मात्र आठवड्यात धूर काढायची, कारण दुपारी तो बिभीषणबरोबर प्यायला बसायचा. माझ्या दोन्ही मोटारी दुपारच्या होत्या. तेव्हा मी त्याच्याविषयी फार प्रेमानं लिहीन, अशी अपेक्षा ठेवू नका.

बिभीषण त्याचा जिवाचा दोस्त. गेल्या साली त्याचं लिव्हर गेलं आणि पाठोपाठ तोही गेला. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड मांडला, तर कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, आणि मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. भाऊ म्हणाला, "पोरीचं लगीन मी करून देईन." चुलता म्हणाला, "बांधाचं भांडान मिटवलं." कावळे लिंबावर बसून निवांत ऐकत होते. कुणीतरी पिंडाशेजारी हळूच क्वार्टर ठेवली. एक कावळा खाली आला, क्वार्टरकडं तिरकं बघून परत वर गेला.

ऊन चढलं. अजिनाथचा घसा कोरडा पडला होता. हे एकदाचं उरकलं की त्याला गुत्त्यावर पळायचं होतं. शेवटी वैतागून तो पुढं झाला आणि हात जोडून ओरडला, "बिभ्या, जा की आता! सोडली मी दारू!"

कावळा झपकन खाली आला आणि पिंडावर तुटून पडला.

सगळा घाट अजिनाथकडं बघायला लागला. त्याची बायको अलका तेवढी बघत नव्हती. ती बिभीषणच्या बायकोकडं, कडूबाईकडं बघत होती. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "मला तसं मोकळं कपाळ नको." अजिनाथ रस्त्यातच रडायला लागला. मी मागूनच चालत होतो. दोन मोटारींचा राग असूनही मला गलबलून आलं.

शब्द तर दिला, पण दारू अशी बोलून सुटते थोडीच! अंगाला कापरं भरलं तेव्हा अलकानं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषधपाणी केलं आणि सांगितलं, श्रीरामपुरात दारू सोडलेल्यांची दर रविवारी बैठक असते, तिथं जात जा. पत्ता त्यांनाही नक्की माहीत नव्हता. ती मंडळी नावं गुप्त ठेवतात, त्यामुळं दारावर पाटी नाही.

रविवारी अजिनाथ श्रीरामपुरात उतरला आणि त्यानं रिक्षावाल्याला विचारलं, "दारू सोडलेली लोकं कुठं सापडतील?"

रिक्षावाला विचारात पडला. "श्रावणात या. तवा लई असत्यात."

पानवाल्यानं पोलीस चौकी दाखवली. रसवंतीवाल्यानं रामाचं देऊळ दाखवलं. शेवटी ज्याला नक्की ठाऊक असणार, त्यालाच विचारावं म्हणून अजिनाथ वाईन शॉपमध्ये शिरला. मालकानं तोंड कडू केलं. "समोरच्या गल्लीत, गनीभाई गादीवाल्याकडं. माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं नेली त्या मानसानं."

पत्ता मिळाला, पण अजिनाथचे पाय हलेनात. बाटल्या समोर मांडलेल्या. हात खिशात गेला. तेवढ्यात दुकानाच्या पत्र्यावर कावळा ओरडला. तो बिभीषण होता की साधा श्रीरामपूरचा कावळा, हे मी सांगू शकत नाही. अजिनाथनं मात्र खिशातून हात काढला आणि धूम ठोकली.

गनीभाईंच्या दुकानात मंडळी नव्या गाद्यांवर बसली होती, एकदोन जण आडवेही होते. गनीभाई स्वतः दारूतून उठलेले. म्हणाले, "इथं फक्त नाव सांगायचं." अजिनाथनं नाव, आडनाव, गाव आणि दुकानाचा मोबाईल नंबरही सांगितला. मग गनीभाईंनी समजावलं, एकट्याच्या जोरावर दारू सुटत नाही, आपल्याहून मोठं कुणीतरी मानावं लागतं. ज्याचं त्यानं ठरवायचं.

"माझा कावळा हाय," अजिनाथ म्हणाला.

गनीभाईंनी जरा विचार केला. "चालेल."

तेव्हापासून त्याचा रविवार चुकला नाही. आता त्यानं दुपारी भरलेली मोटारही टिकते. माझी तिसरी अजून चालू आहे.

परवा बिभीषणचं वर्षश्राद्ध झालं. पुन्हा घाट, पुन्हा पिंड, आणि पुन्हा कावळा शिवेना. हळूहळू सगळ्यांच्या माना कल्याणकडं वळल्या. आता गावात पिण्यात त्याचाच पहिला नंबर. कल्याण मागं सरकत म्हणाला, "माझ्याकडं काय बघता?" पण त्याची म्हातारी आई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्याकडं बघून तो कसाबसा पुटपुटला, "बरं. सोडतो."

सगळ्यांनी वर बघितलं. लिंबावरचा कावळा पंख झाडून नदीपार निघून गेला.

कल्याणला केवढं हायसं वाटलं! "बघा, कावळ्यालाच मान्य न्हाई. माझा शब्द रद्द!"

लोक हसले. अजिनाथ हसला नाही. गर्दीतून वाट काढत तो कल्याणसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "त्यो गेला तर जाऊ दे. मी ऐकलंय. रविवारी सकाळी तुझ्या दारात येऊन वरडतो."