कपाळावरची आठी

साखरपुड्याचे फोटो आले आणि मंजुळाबाईंना स्वतःचाच राग आला. पोराचा साखरपुडा, अंगावर नवी साडी, ओठांवर हसू. पण दोन भुवयांच्या मधोमध अशी उभी आठी, की बाई आता कुणाची तरी खरडपट्टी काढणार असंच वाटावं. नवरीच्या मामांनी तर स्वप्नीलला बाजूला घेऊन विचारलंच, "तुमच्या आईंना हे स्थळ पसंत नाही का?"

पसंत नसायला काय झालं! नवरा गेला तेव्हा स्वप्नील पाच वर्षांचा होता. तेव्हापासून बावीस उन्हाळे या बाईनं धुळ्यातल्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, खानदेशी पापडच ते, वाळत घातले. भर उन्हात डोळे बारीक करून करून ती आठी पडली आणि मुक्कामालाच राहिली. पुढं घरातही तिचा उपयोग होऊ लागला. विधवेनं तोंड उघडायचं नाही अशी घराची रीत, त्यामुळं मंजुळाबाईंना काही खटकलं की आठी आणखी खोल जायची. मोठ्या जाऊबाई, ताईबाई, ती पाहून कधी थोडं नमतं घ्यायच्या, कधी दुर्लक्ष करायच्या. बोलायची वेळ मात्र कधी आली नाही.

जळगावला चेहऱ्याच्या डॉक्टरीणबाई आहेत हे कळलं तेव्हा आठी घालवायला जाते, एवढंच मंजुळाबाईंनी घरात सांगितलं. ताईबाईंनी नाक मुरडलं.

"तुले कसाले आते तोंडनी नौटंकी? तुले कोठे पुढे बसनं शे?"

बोल खरा होता, म्हणूनच जिव्हारी लागला. स्वप्नीलला पहिली हळद ताईबाईच लावणार, हे घरानं न विचारताच ठरवलं होतं. आई जिवंत, धडधाकट, पण विधवा. तिनं मागं उभं राहायचं. लग्नाला महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाईंनी जळगावची बस धरली.

डॉ. नौशीन यांनी त्यांना आरशासमोर बसवलं, रागवायला सांगितलं, मग हसायला सांगितलं. नंतर नीट समजावलं. एक इंजेक्शन बोटॉक्सचं. ते भुवया आवळणारा स्नायू सैल करतं. आठी विरते, पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा येते. दुसरं फिलरचं. ती जेल असते. बसलेले गाल आणि नाकाशेजारच्या खोल रेघा भरून काढते. जास्त टिकते, पण सूज येऊ शकते, काळंनिळं होऊ शकतं, क्वचित त्याहून मोठा त्रासही होतो.

"खरं सांगू? तुमचे गाल फार बसलेत," डॉक्टर म्हणाल्या. "फिलरनं जास्त फरक दिसेल. आत्ता तुम्ही फार दमलेल्या दिसता."

"दमलेली दिसते तर दिसू द्या. दमलेलीच आहे मी," मंजुळाबाई म्हणाल्या. "पण मी रागीट नाही. तेवढं खोटं पुसा."

डॉक्टरांना हसू आलं. "पण एक आहे. खरा राग आला तरी आठी पडणार नाही."

"मग राग जातो कुठं?"

"कुठंच नाही. असतो तसाच. नुसता दिसत नाही."

मंजुळाबाईंनी कपाळ पुढं केलं. पाच सुया, मुंगी चावल्यासारख्या. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत डोळे मिटत होते, पण बाई खिडकीला डोकं न टेकता ताठ बसून घरी आल्या.

हळदीच्या दिवशी कपाळ लख्ख होतं. मांडवात सगळं गणगोत जमलं. पाटावर स्वप्नील बसला. ताईबाईंनी हळदीची वाटी उचलली आणि सवयीनं मागं वळून जावेकडं पाहिलं. अंगातला सगळा जोर लावून मंजुळाबाईंनी भुवया आवळल्या. कपाळ ढिम्म हललं नाही.

ताईबाई खूश झाल्या. "देखा," त्या बायकांना म्हणाल्या, "मंजुळाले काहीच वाटत नही."

आता काय करायचं? आठी तर त्यांनी स्वतःच मोडीत काढली होती. उरलं होतं फक्त तोंड, बावीस वर्षं न वापरलेलं.

"वाटस, ताईबाई," मंजुळाबाई म्हणाल्या. आवाज एवढा मोठा निघाला की वाजंत्री थांबली. "माले वाटस. मना पोऱ्या शे. पहिली हयद मी लावसू. ज्याले पटत नही, त्यानी घर जावो."

कुणी घरी गेलं नाही. मंजुळाबाई बायकांमधून वाट काढत पुढं आल्या, जावेच्या हातातली वाटी घेतली आणि पोराच्या दोन्ही गालांना, कपाळाला, कानांमागं भरभरून हळद चोळली. घाई केली नाही. मग वाटी ताईबाईंपुढं धरली.

"आते तुम्ही लावा."