तीन भांडणं आणि दोन मिनीबस

आमच्या सोसायटीतली भांडणं विझवायला अख्खी गोदावरी अपुरी पडेल! आमच्या वॉचमनच्या मुलीचं लग्न होतं पेठला. "सगळे आला नाय, तर गावात माझी मान खाली जाईल," म्हणाला. दोन मिनीबस आल्या, पण कोण कुणाबरोबर बसणार?

तेव्हा आमचे गणिताचे सर सरसावले. चष्मा कपाळावर, आणि बोलणं फळ्याकडे तोंड करून बोलल्यासारखं.

"तीनपेक्षा जास्त भांडणं कुणाचीच नाहीत ना? मग सोपं आहे. ज्याचे आपल्याच गाडीत दोन किंवा तीन वैरी, त्यानं दुसरीत जायचं. दर खेपेला गाड्यांतली भांडणं घटतात, म्हणजे हे थांबणारच. शेवटी ज्याच्या त्याच्या गाडीत फार तर एक वैरी."

सगळे गाड्यांत बसले. चेअरमनांचे दोन वैरी त्यांच्याच गाडीत निघाले, पण ते उठेनात. "सर, मी चेअरमन आहे!"

"गणितात चेअरमन नसतो हो. ठिपका असतो."

मी टाळ्या पिटल्या, तर सर माझ्याकडेच वळले. "त्यांच्या दोन वैऱ्यांतले एक तुम्ही. तुमचेही इथे दोन आहेत. तुम्ही उतरलात तरी भागेल."

भागेल? माज त्यांचा आणि उतरायचं मी? "हा अन्याय आहे!" मी असा गरजलो की देवळाली कॅम्पच्या तोफा लाजल्या असतील.

"आहेच. पण गाडी निघेल."

"मग आजपासून तुमच्याशीही भांडण!"

सर पहिल्यांदाच घाबरले. "नको हो! तुमची तीन झालीत. चौथं झालं तर माझी हमी संपली, आणि तो बिचारा वॉचमन मांडवात वाट बघतोय."

मी उतरून दुसऱ्या गाडीत बसलो. सरांना अजून माफ केलेलं नाही. भांडण तेवढं केलेलं नाही.