सत्कार माझा, हार सासूबाईंना

माझ्या शाळेने माझा सत्कार केला, तेव्हा हार माझ्या सासूबाईंच्या गळ्यात पडला. या गोष्टीला किती वर्षं झाली ते विचारू नका; मला अजून राग येतो.

लढाईचे दिवस होते. नगरच्या आमच्या कॅथलिक मुलींच्या शाळेने नाव काढलेल्या माजी विद्यार्थिनींना बोलावलं होतं. आमच्या शाळेतून शिकून ट्रेनिंग पास झालेली पहिली मास्तरीण मी! खुद्द मदर चांदीचं पदक देणार होत्या. आठ दिवस मी आरशापुढे मान वाकवायचा सराव केला. (हार घालून घेताना मान किती वाकवावी, हे ट्रेनिंगला शिकवत नाहीत!)

बेलापूरहून निघताना पाहते तो सासूबाई नवंकोरं लुगडं नेसून दारात उभ्या.

"मी बी येनार. घराचा मान हाय."

पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की उतरून ढकलायची. मी ढकलली, आमच्या ह्यांनी ढकलली. सासूबाई आत बसून "जोर लावा की!" म्हणत होत्या. नगर आलं तेव्हा माझं पांढरं पातळ काळं झालं होतं आणि सासूबाई लख्ख!

आता आमच्या घरची रीत सांगते. सुनेला काहीही येवो, माहेरची चोळी असो की पोस्टाचं पाकीट, ते आधी सासूच्या हातात. मग तिची मर्जी झाली तर सुनेकडे. ही रीत मला पाठ होती. ती चांदीच्या पदकालाही लागू आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं!

माझं नाव पुकारलं. मी उठले. खांद्यावर वजनदार हात पडला आणि मी पुन्हा खुर्चीत.

"बस गं. मी जिती असताना तू फुडं जानार?"

"अहो आत्याबाई, सत्कार माझा आहे!"

"मंग? तुजं ते आमचं न्हाई व्हय?"

आणि त्या तरातरा स्टेजवर! मदर परदेशी, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी मला कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी हसून हार घातला, पदक लावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, काहीतरी करा ना!" मी ह्यांच्यावर खेकसले.

ह्यांनी केलं. टाळ्या वाजवल्या!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण सासूबाई सभेकडे वळल्या. "सून लई शिकल्याली हाय," त्या म्हणाल्या, "पर भाकरी अजून करपिती!" सगळी सभा हसली. पहिल्या रांगेतले फादरसुद्धा हसले. (त्या फादरांकडे मी वर्षभर कन्फेशनला गेले नाही. रागाचं पाप कबूल करायचं, तर राग गेलेला तरी हवा!)

पदक सासूबाईंच्या पेटीत गेलं. परतीच्या वाटेवर मी मोटारीला बोटही लावलं नाही. माझ्या सुनेवर मी ही वेळ कधीही येऊ देणार नाही, अशी त्याच दिवशी शपथ घेतली.

पुढे माझी सून त्याच शाळेतून शिकून डॉक्टर झाली. शाळेने तिलाही सत्काराला बोलावलं. तिचं नाव पुकारलं तसा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आशीर्वादाला हो, देवाशपथ!

भानावर आले तेव्हा हार माझ्या गळ्यात होता, सून खाली बसून दातओठ खात होती, आणि मी माइकवर सांगत होते, "डॉक्टर झाली खरी, पण चहा अजून पांचटच करते!"