फारच तपशीलवार तक्रारी

एकाच आठवड्यात एकाच खोलीबद्दल दोन रिव्ह्यू आले. पहिला असा: ‘रात्रभर समुद्राचा आवाज. स्वर्ग!’ दुसरा असा: ‘रात्रभर समुद्राचा आवाज. डोळ्याला डोळा लागला नाही. व्यवस्थापनाने लक्ष घालावे.’

दोघांनाही मीच उत्तर लिहिलं. पहिल्याचे आभार मानले. दुसऱ्याची माफी मागितली आणि पुढच्या वेळी मागच्या बाजूची खोली देऊ म्हणून कळवलं. समुद्राला समज देता येत नाही, हे वाक्य लिहून खोडलं.

मी गेस्ट रिलेशन्स मॅनेजर आहे. म्हणजे पाहुणा खूश असला की तो हॉटेलचा असतो आणि नाराज झाला की माझा. आमचं हॉटेल मस्कतहून सोहारकडे जाताना उजव्या हाताला, अगदी वाळूला टेकून आहे. ते उभारलं तेव्हाचा पहिला मॅनेजर इंग्रज होता. आताच्या मालकांच्या वडिलांनी त्याला मोकळीक दिली आणि त्याने स्वतःचं गावच इथे आणून ठेवलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं सुट्टीला जायचं गाव. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी खुर्च्या, बिंगोचा हॉल, चहाची खोली, आणि समुद्रात थोडा आत जाऊन थांबलेला एक लाकडी धक्का. त्याला आजवर एकही बोट लागलेली नाही.

आता खुर्च्यांचे लाल पट्टे आणि पांढरे पट्टे एकाच रंगाचे झालेत. गंमत म्हणजे त्या मॅनेजरचं मूळ गावही असंच उतरलंय म्हणे. त्यामुळे म्हातारे इंग्रज पाहुणे आले की हरखून जातात. ‘गंजसुद्धा तसाच आहे,’ एक बाई डोळे पुसत मला म्हणाल्या. मी गंज कुठे दिसला ते विचारून मेंटेनन्सला कळवलं.

आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर दोन मतं असतात. पहाटे कोळी जाळी ओढतात ते एकाला ‘अस्सल ओमान’ वाटतं, दुसऱ्याला वास येतो. बिंगो एकाला बालपण वाटतं, दुसऱ्याला शिक्षा. याची मला कधी काळजी नव्हती. निम्मे रिव्ह्यू चांगले आणि निम्मे वाईट असले की हॉटेल चालतं. वाचणारा त्याला हवे तेवढेच वाचतो.

मागच्या सीझनपासून मात्र तराजू कलला. वाईट रिव्ह्यू वाढले आणि त्यांची भाषाही वेगळीच होती. नेहमीचा पाहुणा लिहितो, ‘गरम पाणी नव्हतं.’ हे लोक लिहीत होते, ‘गीझरचा थर्मोस्टॅट गेला आहे, दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीन बसवावा.’ नेहमीचा पाहुणा लिहितो, ‘कसला तरी आवाज येत होता.’ हे लिहीत होते, ‘पाण्याच्या पंपाची सील गळते आहे.’ मला वाटलं, इंग्रज माणूस हाताने कामं करणारा, त्याला कळत असेल.

डिसेंबरमध्ये मालकांनी बोलावलं. त्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. अर्बाब स्वभावाने चांगले आहेत, फक्त स्टाफने काही मागितलं की त्यांना त्याची गरज दिसत नाही.

“ग्रेसी, हे वाच.”

लंडनच्या टूर कंपनीचा ईमेल होता. आमचे हिवाळ्यातले जवळजवळ सगळे पाहुणे ही कंपनी पाठवते. सीझनभर ठराविक खोल्या ती राखून घेते, याला आमच्या धंद्यात अ‍ॅलॉटमेंट म्हणतात. अलीकडचे रिव्ह्यू पाहता अ‍ॅलॉटमेंट बंद करायचा विचार आहे, त्याआधी हेलन नावाच्या बाई प्रत्यक्ष पाहणीला येतील, असं लिहिलं होतं.

“त्या नाही म्हणाल्या तर?” मी विचारलं.

“सोहारच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली एक कंपनी मागे लागली आहे. त्यांना कामगारांना ठेवायला बिल्डिंग हवी. मग हॉटेल खलास.”

“आणि स्टाफ?”

“तू बाईंना खूश कर ना. मग हा प्रश्नच नाही. यल्ला, लाग कामाला.”

प्रश्न होता. आमच्यासारख्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. माझी मुलगी बारावीला, बोर्डाची परीक्षा तोंडावर. नवरा सासूबाईंच्या आजारपणासाठी वसईला परतलेला, म्हणजे मुलीचा व्हिसा माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली की तिने पेपर कुठे द्यायचे, हे मला कोणी सांगणार नव्हतं.

मी रडत बसले नाही. सगळे वाईट रिव्ह्यू तारखेप्रमाणे शीटवर घातले. कुठल्या तक्रारीचं काय झालं हे लिहायला मेंटेनन्सचं रजिस्टर मागवलं. त्यात आमचा मेंटेनन्स फोरमन इक्बाल लागणारे पार्ट मागतो आणि अर्बाब मंजूर किंवा नामंजूर करून सही करतात.

पंपाची सील: मागितली, नामंजूर. पाच दिवसांनी पाहुण्याचा रिव्ह्यू: सील गळते. त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा मागितली: मंजूर.

थर्मोस्टॅट: नामंजूर, रिव्ह्यू, मंजूर. दोनशे आठचा शॉवर: नामंजूर, रिव्ह्यू, मंजूर. हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

मी इक्बालला बोलावलं. तो रत्नागिरीकडचा, माझ्याइतकीच वर्षं इथे आहे. आला, शीट पाहिली आणि न सांगताच खुर्चीत बसला.

“इक्बाल, हे रिव्ह्यू कोण लिहितं?”

“गेस्ट लिहितात, ग्रेसीबाय.”

“आणि गेस्टला सील कोण शिकवतं?”

त्याने शीट माझ्याकडे सरकवली. “मी मागितलं तर अर्बाब म्हणतात, अजून चालतंय ना? गेस्टने लिहिलं की दोन दिवसांत पार्ट हातात. मग मी काय करू? पाणी तर यायला हवं.”

“कुठला गेस्ट?”

“बॅरोसाहेब. आणि त्यांचे बिंगोवाले दोस्त. प्रत्येकाला एकेक वाटून दिलाय. एकाच्याच नावावर सगळे नकोत ना, संशय येईल.”

“अरे, तुझ्या या वाटपाने हॉटेल बंद पडतंय!”

इक्बालचा चेहरा उतरला. “अशा रिव्ह्यूने हॉटेलचे तारे कमी होतात, हे ध्यानात नाय आलं माझ्या,” तो म्हणाला. “मी फक्त पार्टाकडे बघत होतो.”

मिस्टर बॅरो दरवर्षी बायकोबरोबर येतात आणि हिवाळ्याचे दोन महिने राहतात. बस डेपोत फिटर होते. सकाळी पाहुणे समुद्रावर जातात, हे पंपरूममध्ये जातात, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना चहाच्या खोलीत गाठलं. मिसेस बॅरो शेजारी विणत बसल्या होत्या.

“मिस्टर बॅरो, ते रिव्ह्यू काढून टाका.”

“का? त्यात एक शब्द तरी खोटा आहे?”

“नाही.”

“मग?”

“सगळं दुरुस्त झालंय आता.”

“लिहिलं तेव्हा नव्हतं झालं. लिहिलेलं मी मागे घेत नाही. डेपोतसुद्धा कधी घेतलं नाही.”

मी हॉटेल बंद पडायची गोष्ट सांगितली. ते गंभीर झाले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मग त्या बाईंना मी स्वतःच सांगतो.”

“काय सांगता?”

“जे खरं आहे ते.”

मिसेस बॅरो सुया न थांबवता म्हणाल्या, “निवृत्त झाल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिलेला नाही. मी मात्र दरवर्षी तुम्हाला पाच तारे देते हं. तो माझे रिव्ह्यू वाचून हसतो.”

गुरुवारी हेलनबाई आल्या. उंच, सपाट बुटांतल्या, हातात फाइल. पाहणीला आमच्याकडे साइट इन्स्पेक्शन म्हणतात. त्याचा साधा नियम असा, की चांगल्या खोल्या आधी दाखवायच्या आणि वाईट खोल्यांच्या किल्ल्या सापडू द्यायच्या नाहीत. मी चार खोल्या फुलं ठेवून तयार केल्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फाइल उघडली. आत आमचे वाईट रिव्ह्यू छापलेले होते, एकाखाली एक.

“दोनशे आठ दाखवा,” त्या म्हणाल्या.

अर्बाब कडक इस्त्रीच्या दिशदाशात, म्हणजे पायघोळ ओमानी झग्यात, पुढे, मी मागे, सगळ्यांत मागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन इक्बाल. बाईंनी शॉवर सोडला. पाणी लगेच गरम आलं. त्यांनी यादीवर खूण केली. मग पंपरूम. सील कोरडी, जमीन कोरडी, इक्बालने भिंतसुद्धा रंगवलेली. खूण. थर्मोस्टॅट, खूण. बाल्कनीच्या दाराची चाकं, खूण. सहाव्या खुणेनंतर बाई थांबल्या.

“यातलं प्रत्येक काम झालेलं आहे. किती दिवसांत करता?”

“दोन दिवसांत,” अर्बाब छातीवर हात ठेवून म्हणाले. “पाहुण्याचा शब्द माझ्या डोक्यावर.”

आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण होती. माझ्या मागे इक्बाल जमिनीवरच्या फरशा मोजत होता.

“मी बरीच हॉटेलं पाहते,” बाई म्हणाल्या. “जुनी असतात, त्याचं काही नाही. पण तक्रार केली की फुलं पाठवतात. तुम्ही पंप दुरुस्त करता.”

मला सकाळी ठेवलेली फुलं आठवली. तेवढ्यात डायनिंग हॉलच्या दारात मिस्टर बॅरो उभे दिसले. टाय घालून आले होते. मी मनात ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हटली.

“तुम्ही लंडनच्या?” त्यांनी बाईंना विचारलं. “मला तक्रार करायची आहे.”

“करा ना,” बाई म्हणाल्या आणि पेन उघडलं.

“किचनचा एक्झॉस्ट फॅन. मंगळवारची मासळी गुरुवारीसुद्धा डायनिंग हॉलमध्येच असते. बेअरिंग झिजलं आहे.” आणि त्यांनी बेअरिंगचा नंबर सांगितला. तोंडपाठ.

अर्बाब गर्रकन वळले. “इक्बाल! ऐकलंस? आजच्या आज मागव.”

“हो अर्बाब,” इक्बाल म्हणाला आणि सवयीने खिशात हात घातला. भरलेला फॉर्म बाहेर आला. नंबर, माप, दुकानाचं नाव, सगळं तयार. फक्त सही बाकी होती.

अर्बाबांनी फॉर्म पाहिला. मग मिस्टर बॅरोंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी डायनिंग हॉलच्या पडद्यांकडे पाहिलं.

“तुमचे सगळे पाहुणे बेअरिंगचा नंबर सांगतात का?” हेलनबाईंनी विचारलं.

“आमच्याकडे फार चौकस लोक येतात,” मी म्हणाले.

“आणि तुम्ही,” त्यांनी मिस्टर बॅरोंना विचारलं, “इतक्या तक्रारी असून पुढच्या वर्षी येणार?”

“अर्थात,” ते जवळजवळ रागावून म्हणाले. “गच्चीवरची टाकी अजून बघितली कुठे मी?”

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी तेव्हा दाखवलं नाही. त्यांना निरोप देऊन आम्ही परतलो, तर अर्बाबांनी मला आणि इक्बालला ऑफिसात बोलावलं. दार लावलं.

“किती दिवस चाललंय?”

“दोन सीझन,” इक्बाल म्हणाला.

“माझ्याकडे का आला नाहीस?”

इक्बालने माझ्या हातातल्या रजिस्टरकडे बोट दाखवलं. मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. अर्बाब पानं उलटत राहिले. नामंजूर, नामंजूर, नामंजूर.

“ही सही माझी?”

“होय, अर्बाब.”

“आणि हीसुद्धा?”

“तीसुद्धा.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. नोकरी गेली असं धरून मी मुलीच्या परीक्षेचा हिशेब मनात मांडायला घेतला होता. ते इक्बालला म्हणाले, “तो इंग्रज जे सांगतो ते बरोबर असतं?”

“दरवेळी नाय,” इक्बाल प्रामाणिकपणे म्हणाला. “सीलचा साइज त्यांचा चुकला होता. मी दुरुस्त करून दिला.”

अर्बाब हसू दाबत खिडकीकडे वळले. “खलास. जा दोघं.”

महिन्याभरात लंडनचं उत्तर आलं. अ‍ॅलॉटमेंट एका सीझनसाठी चालू, खोल्या थोड्या कमी. शेरा असा: ‘मालमत्ता जुनी. व्यवस्थापन ऐकून घेणारे.’ सोहारच्या कंपनीने दुसरी बिल्डिंग बघितली. मुलीने बारावीचे पेपर इथेच दिले.

अर्बाबांनीही सुधारणा केली. इक्बालचे फॉर्म आता पडून राहत नाहीत. मात्र फॉर्मवर एक नवीन रकाना आला आहे: ‘पाहुण्याचे मत’. हिवाळ्यात मिस्टर बॅरो तिथे सही करतात. ते परत गेले की इक्बाल त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो आणि इंग्लंडहून मत येतं. रिव्ह्यू पुन्हा निम्मे-निम्मे झाले.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते एवढंच: हॉटेल कसं आहे हे कळायला रिव्ह्यू वाचू नयेत, नामंजूर झालेले फॉर्म वाचावेत. सगळं तिथे आधीच लिहिलेलं असतं, फक्त लिहिणारा पगारावर असतो.

मागच्या महिन्यात मी माझ्या ऑफिससाठी नवीन खुर्ची मागितली. जुनीचा एक पाय हलतो. अर्बाब म्हणाले, अजून चालतेय ना? मी वाद घातला नाही. मिस्टर बॅरो नोव्हेंबरात येतायत. आल्या आल्या त्यांना तिच्यावरच बसवणार आहे.